शिल्पग्रामचा उत्सव: आधी हात बघा, मग माल
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उदयपूरच्या कुठल्याही हॉटेलात नाश्त्याला बसा, शेजारच्या टेबलावर मराठी ऐकू येतंच. मुलांना नाताळची सुट्टी, ऑफिसात संपवायच्या राहिलेल्या रजा, आणि "यंदा राजस्थान करून टाकू". सिटी पॅलेस होतो, पिचोला तलावातली बोट होते, सहेलियों की बाडी होते. मग तिसऱ्या दिवशी गाडीवाला सुचवतो, "मॅडम, शिल्पग्राम में मेला लगा है. एक घंटा बहुत है."

आमची पहिली फेरी अशीच तासाभरात उरकली. दोन ओढण्या, एक मातीची तबकडी आणि मुलीला लाकडी भोवरा एवढं घेऊन बाहेर पडलो. गाडीत बसल्यावर मुलीनं विचारलं, "आई, ह्या भोवऱ्याचा रंग कसा लावतात?" तो माणूस आमच्यासमोर बसून तोच रंग लावत होता आणि मी तेव्हा सुट्टे पैसे शोधत होते. त्यानंतर आणखी दोनदा गेले. त्या दोन फेऱ्यांत जे कळलं ते क्रमानं सांगते.

जागा कसली आहे

शिल्पग्राम हे नुसतं जत्रेचं मैदान नाही. उदयपूरच्या पश्चिमेला, फतेहसागर तलावापलीकडे हवाला गावाजवळ अरवलीच्या पायथ्याशी सुमारे ७० एकरांवर १९८९ मध्ये उभं राहिलेलं हे एक कायमचं गाव आहे. पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र ते चालवतं. ह्या केंद्रात राजस्थान आणि गुजरातबरोबर महाराष्ट्र आणि गोवाही येतात, त्यामुळे तिथल्या २६ पारंपरिक घरांमध्ये आपलीही घरं आहेत. मारवाडच्या विणकराच्या आणि भिल्लांच्या घरांवरून चालत चालत तुम्ही अचानक कोळ्याच्या घरापाशी येता, पुढे कोल्हापूरकडच्या चांभाराचं घर लागतं. अरवलीत उभं राहून कोकणातलं छप्पर बघताना गंमत वाटते.

ही घरं वर्षभर बघता येतात. मोठा उत्सव मात्र दरवर्षी साधारण २१ ते ३० डिसेंबरला भरतो. तेव्हा देशभरातले कारागीर आणि लोककलावंत येतात. दरवर्षी तीच माणसं, त्याच कला असतील असं नाही, म्हणून अमुक एक बघायचंच असा हट्ट धरून जाऊ नका. तारखा, वेळा आणि तिकिटाचा दर त्या त्या वर्षीचा बघून घ्या.

दिवस निवडताना

शक्य असेल तर २१ ते २४ ह्या दिवसांत जा. पंचविसाव्या तारखेपासून शहर फुगतं, हॉटेलांचे भाव चढतात आणि फतेहसागरच्या कडेचा रस्ता संध्याकाळी जागच्या जागी थांबतो. पण गर्दी टाळायचं खरं कारण वेगळंच आहे. गर्दी वाढली की कारागीर काम बाजूला ठेवून विक्रीला लागतो. त्याचंही बरोबर आहे, दहा दिवसांत वर्षाचा बराच धंदा व्हायचा असतो. काम करणारे हात बघायचे असतील तर आठवड्यातला मधला दिवस, आणि दुपारी दरवाजा उघडल्या उघडल्याची वेळ धरा. तेव्हा गिऱ्हाईक नसतं, ऊन चांगलं असतं आणि माणूस बोलायच्या मूडमध्ये असतो.

दोन फेऱ्या जमत असतील तर फारच छान. पहिल्या दिवशी फक्त बघणं, दुसऱ्या दिवशी खरेदी आणि रात्रीचा कार्यक्रम. एकच दिवस असेल तर दुपारी जाऊन रात्री परता. चारपाच तास सहज जातात.

पोचणं आणि परतणं

मुंबईहून वांद्रे टर्मिनसवरून उदयपूरला थेट गाडी आहे, पण ती रोज नसते आणि डिसेंबरची तिकिटं लवकर संपतात. दुसरा रस्ता अहमदाबादवरून. अहमदाबादच्या असारवा स्टेशनपासून उदयपूरपर्यंतचा जुना मीटरगेज मार्ग रुंद होऊन ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. डोंगरातून जाणारा हा मार्ग दिवसाच्या गाडीनं करण्यासारखा आहे.

शहरातून शिल्पग्रामला रिक्षा सहज मिळते. अडचण परतीची. रात्री कार्यक्रम सुटला की सगळे एकदम बाहेर पडतात आणि रिक्षावाले म्हणतील तो भाव होतो. जातानाच रिक्षावाल्याशी येण्याजाण्याचं ठरवा, त्याचा नंबर घ्या, आणि शेवटचं नृत्य संपायच्या दहा मिनिटं आधी उठा. स्वतःची गाडी असेल तर ती बरीच लांब लावावी लागेल हे धरून चाला.

सोबत काय न्यायचं? थंडीचे कपडे, आणि ते खरोखरचे. दुपारी अर्ध्या बाहीच्या शर्टात फिरता येतं, म्हणून मुंबई-पुण्याची माणसं फसतात. सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात दात वाजायला लागतात. रात्री पारा दहाच्या खालीही उतरतो. कानटोपी, शाल, आणि बसायला जाडसर सतरंजीची घडी. पायात चालायचे बूट हवेत, जमीन उंचसखल आहे आणि धूळही भरपूर. थोडी रोख रक्कम बाळगा. क्यूआर कोड सगळ्यांकडे असतो, पण हजारो लोक एका जागी जमले की मोबाइलचं नेटवर्क रुसतं.

पहिला तास: खरेदी बंद

आत शिरल्यावर पहिल्या काही गाळ्यांवर पाय थांबतातच. थांबू द्या, पण पाकीट आत. आम्ही घरात नियमच केला: पहिल्या तासात कुणी काही विकत घ्यायचं नाही. हातात पिशव्या आल्या की माणूस बघायचा थांबतो आणि सांभाळायला लागतो.

एक पूर्ण चक्कर मारा. बाजाराच्या भागात नुसती दुकानं मांडलेलीही असतात आणि मधूनच एखादा माणूस जमिनीवर बसून खरोखर काम करत असतो. तुम्हाला शोधायचाय तो हा दुसरा. खूण सोपी आहे: त्याच्याभोवती कचरा असतो. लाकडाचा भुसा, चामड्याच्या कातरणी, रंगाची डबडी, ओलं फडकं. ज्या गाळ्यावर सगळं इस्त्री केल्यासारखं नीटनेटकं आहे तिथे माल असेल, काम नसेल.

असे तीन जण मनात धरा. तीनच. दहा ठिकाणी पाच-पाच मिनिटं उभं राहण्यापेक्षा तिघांजवळ वीस-वीस मिनिटं बसलेलं बरं.

जवळ बसायचं कसं

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढच्या फेरीत मिळालं. कच्छमधले लाखकामाचे कारागीर धनुकलीच्या दोरीनं लाकडाचा तुकडा गरगर फिरवतात. एका हातानं धनुकली मागेपुढे, दुसऱ्या हातात रंगीत लाखेची कांडी. कांडी फिरत्या लाकडावर टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडाला धरते. ब्रश नाही, रंगाचा डबा नाही. एकावर एक रंग चढले की तेलाचं बोट लावून तो त्या पट्ट्यांवर असा काही हात फिरवतो की सरळ रेघांच्या लाटा होतात. हे तीन-चार मिनिटांत होतं, आणि त्या तीन-चार मिनिटांत तुम्ही मोबाइलमध्ये बघत असाल तर गेलंच. सावंतवाडीची लाकडी फळं ज्यांच्या घरी आहेत त्यांनी हे जरूर बघावं. लाकूड तिथेही आहेच, पण रंग ब्रशनं लावलेला.

निळीचं काम दिसलं तर मात्र तिथून हलू नका. चितोडगड जिल्ह्यात आकोला नावाचं छिप्यांचं, म्हणजे कापडावर ठसे छापणाऱ्यांचं, गाव आहे (आपलं अकोला नव्हे, मीही आधी दचकले होते) आणि तिथली दाबू छपाई प्रसिद्ध आहे. दाबू म्हणजे चिखल. काळी माती, चुना, डिंक आणि किडलेल्या गव्हाचं पीठ ह्यांचा लगदा लाकडी ठशानं कापडावर छापतात, वर भुसा भुरभुरवतात आणि उन्हात वाळवतात. मग कापड निळीच्या पिंपात बुडवतात. चिखल जिथे आहे तिथे रंग शिरत नाही.

मी बघितलं तेव्हा काम करणाऱ्या बाईंनी पिंपातून कापड वर काढलं आणि ते चक्क हिरवट पिवळं होतं. मला वाटलं काहीतरी बिघडलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या, "रुको." कापड हवेत धरलं आणि कडेकडून निळाई पसरत गेली, जणू कुणी आतून दिवा लावावा तशी. पिंपातल्या निळीला हवा लागलेली नसते, बाहेर आल्यावर ती हवेतला प्राणवायू घेते आणि मग निळी होते. गडद रंग हवा असेल तर हेच पुन्हा पुन्हा करायचं. शाळेत ऑक्सिडेशन पाठ केलं होतं, दिसलं ते तिथे.

बसताना काही साधे संकेत पाळा. त्याच्या प्रकाशात उभे राहू नका, सावली कामावर पडते. "बैठ जाऊँ?" एवढं विचारलंत तर बहुतेक जण स्वतःच पोतं सरकवून देतात. मुलं बरोबर असतील तर हत्यारांना हात लावण्याआधी विचारायला शिकवून ठेवा. मातीकाम करणारे मुलांच्या हातात गोळा आपणहून देतात, पण छिन्नी आणि रापी ही वेगळी गोष्ट आहे.

काय विचारायचं

"हे हातानं केलंय का?" हा प्रश्न वाया जातो, सगळे हो म्हणतात. त्याऐवजी "ह्याला किती दिवस लागतात?", "ह्यातला सगळ्यात अवघड भाग कुठला?", "घरात हे काम आणखी कोण करतं?" असं विचारा. ज्यानं स्वतः केलंय तो अवघड भाग सांगताना हात हलवायला लागतो. नुसता विकणारा असेल तर भाव सांगायला लागतो.

मोडक्यातोडक्या हिंदीची लाज नको, समोरच्याची हिंदीही तशीच असते. आणि महाराष्ट्रातून आलेला कुणी भेटला तर विचारूच नका. मागच्या वेळी कोल्हापुरी चपलांच्या एका गाळ्यावर मी सवयीनं "भैया, ये कितने की?" म्हटलं. काकांनी मान वर न करता विचारलं, "कुठलं म्हणायचं?" त्यानंतर अर्धा तास आमचा चहा चालला.

फोटोचं म्हणाल तर आधी विचारा. काही कारागिरांना नव्या नक्षीचे जवळून फोटो काढलेले आवडत नाहीत, आणि त्याला कारण आहे: फोटोवरून नक्षी उचलून गिरणीत छापणारे कमी नाहीत. चेहरा किंवा हात टिपायचे असतील तर सहसा हरकत नसते. व्हिडिओ काढणार असाल तर अख्खं काम होईपर्यंत हात वर धरून उभे राहू नका, मागच्यांना तुमचा फोनच दिसतो.

खरं काय, छापील काय

एक ओढणी मला अजून बोचते. दुसऱ्याच एका शहरात, एका दुकानातून "हातठशाची" म्हणून घेतली आणि घरी आल्यावर कळलं की नक्षी अगदी यंत्रासारखी बिनचूक आहे. हातठशाच्या कापडात ठसा जिथे संपतो आणि दुसरा सुरू होतो तो सांधा शोधला की सापडतो. कुठे रेघ केसभर दुहेरी, कुठे रंग किंचित फिका. मीटरभर कापडात एकही सांधा सापडला नाही तर शंका घ्या. उलटी बाजूही बघा. अजरखसारख्या (कच्छकडच्या ठसेछपाईच्या) कामात रंग कापडात मुरलेला असतो, मागची बाजू पांढरीफटक नसते. अस्सल अजरखला धुणं, हिरड्यात बुडवणं, चुना-डिंकाचा ठसा, लोखंडाचा काळा, तुरटी, नीळ अशा डझनभराहून जास्त पायऱ्या असतात. तो शेदोनशे रुपयांत मिळत असेल तर तो अजरख नव्हे, त्याचा फोटो आहे.

वारली चित्रात रेघ बघा. बांबूच्या काडीनं काढलेली रेघ सुरुवातीला जाड, शेवटी बारीक होते, आणि दोन माणसं कधीच तंतोतंत सारखी नसतात. शंभर माणसं एकाच साच्यातली दिसली तर ती स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेली आहेत.

कोल्हापुरीबद्दल थोडं जास्त, कारण ती आपण ओळखतो असं आपल्याला वाटतं. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. तेव्हा बेळगावकडचा कारागीर कोल्हापुरी विकतोय म्हणून नाक मुरडू नका. चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वास मातकट येतो, रसायनाचा येत नाही. शिवण चामड्याच्याच वादीची असते, खिळा नाही. तळव्याच्या कडेला फोमचा किंवा पुठ्ठ्याचा थर दिसला तर पुढच्या गाळ्यावर चला. आणि ती पहिले काही दिवस चावणार, त्यावर उपाय नाही. रात्री तेलाचं बोट फिरवून ठेवायचं आणि घरातल्या घरात घालायची. पहिल्याच दिवशी ती घालून कुंभलगड चढायला जाऊ नका. माझ्या नवऱ्यानं हे केलेलं आहे.

भाव

घासाघीस करावी का? माझं मत सरळ आहे. जो समोर बसून करतोय त्याच्याशी अर्ध्या किमतीपासून सुरुवात करणं मला जमत नाही. दोन-तीन वस्तू घेऊन "काका, एकत्र किती?" विचारलं की तो स्वतःहून काहीतरी कमी करतो, आणि दोघांनाही बरं वाटतं. व्यापारी गाळ्यांवर खुशाल भाव करा, तिथे तो धरूनच सांगितलेला असतो. फरक कळायला पहिल्या तासाची चक्कर उपयोगी पडते: एकच वस्तू पाच गाळ्यांवर दिसली तर ती कुठूनतरी ठोकनं आलेली आहे.

पोटोबा आणि संध्याकाळ

खाण्याचं फार सांगायला नको, नाक नेईल तिकडे जा. मक्याची भाकरी आणि सरसूंचं साग उन्हात बसून खा. रबडी थंडीत. पाचच्या सुमारास पोटभर खाऊन घ्या, कारण कार्यक्रमाच्या वेळी रांगा वाढतात.

दिवसभर गल्ल्यांमधून बहुरूपी, कठपुतळीवाले, कमरेला खोटा घोडा बांधून कच्ची घोडी नाचवणारे फिरत असतात. रात्रीचा कार्यक्रम मुक्ताकाशी रंगमंचावर, उघड्या आकाशाखाली पायऱ्यांवर बसून बघायचा. दगडी पायरी बर्फासारखी असते, सतरंजीची घडी त्यासाठीच. जागा अर्धा तास आधी धरा आणि अगदी पुढची धरू नका. बाजूच्या उंच पायऱ्यांवरून नर्तकांची रिंगणं नीट दिसतात. गुजरातच्या सिद्दींचं धमाल नृत्य असेल तर मुलं झोपली असली तरी उठवा. हवेत नारळ उडवून डोक्यावर फोडतात.

घरी आणताना

माती फुटते. माझी पहिली तबकडी सॅकच्या तळाशी स्वेटरात गुंडाळून ठेवली होती आणि रतलामच्या आधीच तिचे तीन तुकडे झाले, वरून कुणीतरी बॅग टेकवली. आता मी घरूनच फुगे असलेल्या प्लास्टिकचा गुंडाळा आणि एक रिकामी चौकोनी कापडी पिशवी नेते. मातीची वस्तू हातातच, बर्थवर उशाशी. निळीचं कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत वेगळं, गार पाण्यात. रंग थोडा जातोच, घाबरू नका.

निघताना तुमच्या तीन कारागिरांकडून गावाचं नाव आणि फोन मागून घ्या. तुटलेल्या तबकडीची जोडी मला अशीच मिळाली. ती मोलेल्याची होती. मोलेला हे श्रीनाथजींच्या नाथद्वारापासून पंधराएक किलोमीटरवरचं कुंभारांचं गाव, आणि नाथद्वारा उदयपूरपासून पन्नासच्या आत. मराठी कुटुंबं दर्शनाला तिथवर जातातच. तिथले कुंभार मातीत गाढवाची लीद मिसळून सपाट पाटी थापतात आणि त्यावर साच्याशिवाय, नुसत्या बोटांनी धर्मराज, नागदेव उभे करतात. अंगावरचे उठाव आतून पोकळ ठेवतात, म्हणजे भट्टीत तडकत नाहीत. भिल्ल आणि गरासिया लोक आपल्या देवळांसाठी लांबून चालत येऊन हे देव घेऊन जातात.

दुसऱ्या दिवशी नाथद्वाऱ्याला राजभोगाचं, म्हणजे दुपारच्या नैवेद्याचं, दर्शन झाल्यावर आम्ही तिकडे वळलो. अंगणात वाळत घातलेल्या देवांच्या रांगा होत्या, आणि उत्सवात भेटलेल्या माणसाची आई उन्हात बसून एका घोड्याला कान लावत होती. फोन आधी केला होता म्हणून चहा तयार होता. जाणार असाल तर सकाळी जा, भट्टी लावलेली असेल त्या दिवशी दुपारनंतर धुरानं डोळे चुरचुरतात.